नादानुसंधान आणि नामसंकीर्तन



शहादे-तळोद्याकडची पुष्कळ मुले हल्ली नोकरीधंद्यासाठी पुण्याला, सुरतेला राहतात. सणासुदीला घरी आली म्हणजे ती सांगतात की तिकडे 'साउंड हीलिंग' नावाची बैठक भरते. सतरंजीवर उताणे निजायचे, डोळे मिटायचे, आणि कोणी एक जाणता काशाच्या लहानमोठ्या वाट्या हळूहळू वाजवीत राहतो. तासाभरात अंग सैल पडते, मन निवते. मग प्रश्न येतो, "महाराज, आपल्यात असं काही आहे का? आणि माळकऱ्याने तिथं जावं का?" प्रश्न प्रामाणिक आहे. थट्टेवारी न नेता त्याचा विचार करू.

आधी त्या वाटीकडे पाहू. कासे म्हणजे तांबे आणि कथील यांचा मिश्र धातु. आपल्या टाळाला शास्त्रात कांस्यतालच म्हटले आहे. झोप येईना, डोळ्यांची आग होऊ लागली, म्हणजे आपल्या आज्या तळपायाला तूप लावून काशाची वाटी घाशीत. तेव्हा ही वस्तु परकी नाही. घरातलीच फिरून घरी आली म्हणा ना!

आता शास्त्र. शार्ङ्गदेव पंडिताने 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ तेराव्या शतकात आपल्या देवगिरीस, सिंघण यादवाच्या पदरी राहून लिहिला. त्यात नादाचे दोन प्रकार सांगितले आहेत. आघाताने उमटतो तो आहत. आघातावाचून अंतरात असतो तो अनाहत. 'नाद' शब्दाची फोड करताना तो 'न' हे प्राणाचे आणि 'द' हे अग्नीचे अक्षर मानतो. प्राण आणि अग्नि यांच्या संयोगाने नाद होतो, म्हणजे नादाचे मूळ वाद्यात नसून श्वासात आहे, हे ध्यानात ठेवा.

हठयोगप्रदीपिकेच्या चौथ्या उपदेशात स्वात्मारामाने नादानुसंधान मांडले आहे. ग्रंथ माउलींच्या नंतरचा, पण परंपरा नाथांचीच. साधकाला प्रथम समुद्र, मेघ, भेरी यांसारखे मोठे ध्वनि ऐकू येतात. मग मर्दल, शंख, घंटा. शेवटी किंकिणी, वेणु, वीणा आणि भुंगा. स्थूलाकडून सूक्ष्माकडे कान न्यायचा, एवढेच त्याचे मर्म. पण त्यासाठी आसन हवे, मुद्रा हवी, जवळ बसलेला गुरु हवा.

इथे एक गोष्ट फार विचार करण्यासारखी आहे. गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांकडे आणि त्यांच्याकडून ज्ञानेश्वर महाराजांकडे ही सारी नाथविद्या आली होती. शके १२१२ मध्ये सांगितलेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनी आणि अनाहत यांचा केवढा विस्तार आहे! इथल्या तापीच्याच काठी, वर मुक्ताईनगराकडे, मुक्ताबाईंचे ठाणे आहे. त्याही त्याच परंपरेतल्या योगिनी. आणि तरीही माउलींनी लोकांच्या हाती दिला तो हरिपाठ. का? तर निंदणीला गेलेल्या बाईला मुद्रा लावून बसता येत नाही. नाम मात्र विळा चालवता चालवता घेता येते.

दुसरा भेद असा. वाटीच्या बैठकीत वाजवणारा एक आणि ऐकणारा दुसरा असतो. नामात नाद आपल्याच प्राणातून निघतो. चरण म्हणताना उच्छ्वास आपोआप लांबतो, श्वासाची धावपळ थांबते. २००१ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात इटलीतल्या वैद्यांनी केलेला प्रयोग छापून आला. तेवीस निरोगी माणसांना ख्रिस्ती जपमाळ आणि बौद्धांचा मंत्र म्हणायला लावले, तर दोन्ही वेळी श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाच्या व रक्तदाबाच्या लयीवर त्याचा इष्ट परिणाम दिसला. हे नामाचे आनुषंगिक फळ. शेतकरी धान्यासाठी पेरतो, कडबा त्याला ओघाने मिळतो. पण म्हणून कडब्याला कोणी नावे ठेवत नाही, बरे का! बैठकीला जावेसे वाटले तर खुशाल जावे. त्याने माळेला बाट लागत नाही.

घरी करून पाहायचे असेल तर असे करा. दिवेलागणीनंतर घोंगडीवर पाठ ताठ ठेवून बसा. पाय दुखत असतील तर भिंतीला टेका, त्यात कमीपणा नाही. घंटेचा एकच टोल द्या आणि तो पुरता विरेपर्यंत कान त्याच्यावर ठेवा. प्रकाशाला तापी-गोमाईच्या संगमावर पहाटे केदारेश्वराच्या घंटेवर हे साधते, तसे दुसरीकडे क्वचित. मग ओठ मिटून भुंग्यासारखा गुंजारव पाच-सात वेळा. प्रदीपिकेत ही भ्रामरी म्हणून आली आहे. नंतर विलंबित टाळावर रामकृष्णहरि. टाळ चढवू नका. शेवटी टाळ खाली ठेवून थोडा वेळ नुसते बसा.

एक सावधगिरी मात्र कळकळीने सांगतो. कित्येक वृद्ध मंडळी येऊन सांगतात, "बुवा, कानात सारखा शूं-शूं आवाज येतोय, अनाहत उघडला का?" नाही, बाबा! तो बहुधा कानाचा विकार असतो. कानाच्या डॉक्टरांना दाखवा. तसेच रक्तदाबाच्या, मनाच्या दुखण्याच्या, झोपेच्या गोळ्या चालू असतील तर नामाच्या भरवशावर त्या आपल्या मनाने सोडू नका. नाम घ्या आणि गोळीही घ्या.

आणि कानाचा विषय निघालाच आहे, तर सप्ताहाच्या व्यवस्थापकांशी दोन शब्द. ज्या नादाने मन निवावे तोच कर्ण्यातून फाटून निघाला की शेजारच्या आजाऱ्याला आणि तान्ह्या लेकराला जाच होतो. २००० सालच्या केंद्राच्या नियमांत वस्तीच्या भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. सरकार सणावारी मध्यरात्रीपर्यंत देते ती सवलत मोजक्या दिवसांची. म्हणजे काकडा बिनकर्ण्याचाच व्हायला हवा. पूर्वी तो तसाच होत असे, आणि ज्याला यायचे तो येतच असे. रात्रीच्या पहाऱ्याला विणेकरी उभा असतो, त्याच्या जोडीला दोन टाळ पुष्कळ झाले. यंदाच्या सप्ताहात मंडपाबाहेरचे कर्णे काढून टाकावेत आणि पखवाजापुढचा ध्वनिक्षेपक निम्म्यावर आणावा.