तारकर्लीची सहल: आधी काय ठरवावे?

प्रश्न : डिसेंबरमध्ये आई-वडील आणि दोन लहान मुलांसह तारकर्लीला जायचे आहे. तयारी कशी करावी? – एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : नाताळचा आठवडा टाळता आला तर जरूर टाळा, गर्दी आणि खोल्यांचे दर दोन्ही तेव्हा चढे असतात. कोल्हापूरहून राधानगरी, फोंडा घाट, कणकवलीमार्गे मालवण गाठता येते. घाटात मुलांना गाडी लागते, म्हणून भरपेट खाऊन निघू नका आणि अंधार पडण्याआधी घाट उतरा.

खोली ठरवताना फोटोंवर विसंबू नका. फोन करून विचारा: खोली तळमजल्यावर आहे का? कमोड आहे का? वीज गेल्यास जनरेटर आहे का? वडिलांच्या गुडघ्यांना सोयीची खोली मिळाली, तरच त्यांना सहलीचा आनंद मिळेल.

सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी सकाळीच गाठा. दुपारी तटावर ऊन भाजते. होडीत लाइफ जॅकेट मुलांच्या मापाचे मागा, ढगळ जॅकेट पाण्यात वर सरकते. समुद्रात उतरण्याआधी भरती-ओहोटीची वेळ स्थानिकांना विचारा. ओहोटीचे पाणी आत ओढते, तेव्हा मुलांना किनाऱ्यावरच खेळू द्या. देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी तर पोहूच नका.