स्वतःची मर्जी आणि घराचा मान

प्रश्न : वय २०. नागपूरला परिचारिकेचे शिक्षण घ्यावेसे वाटते. घरचे म्हणतात, मनाप्रमाणे जगणे ही पाश्चात्त्यांची रीत. मी स्वार्थी आहे काय?
— एक वाचक भगिनी, बपेरा (जि. भंडारा)

उत्तर : मुळीच नाही. स्वायत्तता म्हणजे घराशी फारकत, हा समजच चुकीचा. कारण २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, दक्षिण कोरिया, रशिया, तुर्कस्तान व अमेरिका येथील विद्यार्थ्यांच्या अभ्यासात असे आढळले की, आचार कुटुंबनिष्ठ असो वा व्यक्तिनिष्ठ, तो मनोमन स्वीकारणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य अधिक चांगले होते. आपल्याकडेही समाजसुधारक रमाबाई रानड्यांनी घरातील स्त्रियांचा रोष सोसूनही ना इंग्रजीचे शिक्षण सोडले, ना घर. आणि त्याच रमाबाईंच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात स्त्रियांसाठीची सेवासदन ही संस्था उभी राहिली. हे धैर्य मला फार मोलाचे वाटते.

वडिलांपुढे खर्च, वसतिगृह व सुटीत घरी येण्याची तजवीज स्पष्ट मांडा. ज्यांचा शब्द घरात चालतो अशा आत्या वा मामांना मध्यस्थ करा. भंडारा-गोंदियाकडील संस्थांचीही चौकशी करा. विचारांती स्वतःच्याच मर्जीने घरी राहिलात, तर तेही स्वातंत्र्यच. मात्र लग्नाची बळजबरी झाल्यास महिला मदतवाहिनीच्या १८१ या क्रमांकावर, आणि झोप उडून मन सतत खिन्न राहू लागल्यास टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर विनासंकोच बोला.