खेळाचा सर्व्हर : यंत्राची पारख

आदिलाबादच्या बाजारात कापसाची गाडी आली म्हणजे जाणता खरेदीदार ढिगाचा आकार पाहून भाव बोलत नाही. धाग्याची लांबी, ओलावा आणि काडीकचरा तपासल्यावाचून तो शब्द देत नाही. हीच चोखंदळ वृत्ती संगणकयंत्राच्या खरेदीत मात्र पुष्कळदा सुटते. घरातील एखादा तरुण इंटरनेटवरील बहुखेळाडू खेळांचे सर्व्हर चालविण्याचा व्यवसाय करू म्हणत असेल आणि त्यासाठी पेढीतून भांडवल मागत असेल, तर ते देणाऱ्या वडीलधाऱ्यांनी काय तपासावे, एवढेच येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

सर्व्हर हा खेळातील पंचही असतो आणि हिशेबनीसही. प्रत्येक खेळाडूची हालचाल त्याच्याकडे पोहोचते. सर्वांचा मेळ घालून तो निकाल सर्वांना परत धाडतो. असा सर्व्हर प्रत्येक खेळासाठी उभारता येतो असे मात्र नव्हे. ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’सारख्या खेळांचे सर्व्हर कंपनी स्वतःच्याच हाती ठेवते. उलट ‘माइनक्राफ्ट’ (जावा आवृत्ती), ‘काउंटर-स्ट्राइक २’, ‘व्हॅल्हाइम’ यांचे सर्व्हर कोणालाही आपल्या यंत्रावर चालविता येतात. सबब पहिला प्रश्न यंत्राचा नसून कोणता खेळ, एका वेळी किती खेळाडू आणि ते कोणत्या गावचे, हा होय.

आता हिशेबाची गती पाहू. माइनक्राफ्टचा सर्व्हर एका सेकंदात २० वेळा आपल्या जगाचा ताळेबंद मांडतो. म्हणजे प्रत्येक वेळी त्याला ५० मिलिसेकंदांची मुदत असते. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये हे काम सेकंदाला ६४ वेळा होते, म्हणून मुदत जेमतेम साडेपंधरा मिलिसेकंदांची उरते. मुदत चुकली की खेळ अडखळतो. माइनक्राफ्टमध्ये एका ताळेबंदास ५० ऐवजी ७० मिलिसेकंद लागू लागले, तर सेकंदाला २० ऐवजी सुमारे १४ फेऱ्याच पुऱ्या होतात; सारे जग संथ होते, आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाची वाट धरते.

येथेच खरेदीतील मोठा चकवा आहे. माइनक्राफ्टचा मुख्य हिशेब बव्हंशी एकाच धाग्याने, म्हणजे प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतो. एक खातेवही एकच मुनीम लिहीत असेल, तर शेजारी सत्तावीस मुनीम रिकामे बसविल्याने ती लवकर पुरी होत नाही. मोठ्या कचेऱ्यांनी मोडीत काढलेली २८ कोअरांची, परंतु अडीच गिगाहर्ट्झच्या आसपास चालणारी जुनी यंत्रे स्वस्तात मिळतात आणि आकड्याने भुरळ घालतात. एका गजबजलेल्या खेळासाठी त्यांपेक्षा पाच गिगाहर्ट्झपर्यंत जाणारे, नव्या पिढीचे आठ कोअरांचे यंत्र अधिक उपयोगी पडते. अनेक छोटे, स्वतंत्र सर्व्हर एकाच यंत्रावर भाड्याने द्यावयाचे असतील, तेव्हा मात्र अधिक कोअरांचे मोल खरे ठरते.

मेमरी पुरेशी हवी. परंतु गरजेपलीकडील मेमरी वेग वाढवीत नाही. यंत्र अखंड चालणार असल्याने चूक-दुरुस्तीची सोय असलेली मेमरी परवडल्यास घ्यावी. साठवणीसाठी फिरत्या तबकडीची डिस्क टाळून एनव्हीएमई जातीची एसएसडी घ्यावी. कारण खेळाडू नव्या प्रदेशात शिरताच जगाचे तुकडे भराभर वाचावे व लिहावे लागतात. यंत्रात दोन डिस्क जोडल्या म्हणजे बॅकअप झाला असे समजू नये. रोजची नक्कल दुसऱ्या ठिकाणी ठेवलीच पाहिजे. खेळाडूंनी महिनोन्महिने उभारलेले जग ही आपल्याकडील ठेव आहे.

यानंतर जागेचा प्रश्न. यंत्र आदिलाबादेत ठेवले म्हणजे ते आदिलाबादच्या खेळाडूस जवळ झाले, हा समज नेहमीच खरा नसतो. शेजारच्या दोन घरांची जोडणी दोन निराळ्या कंपन्यांची असल्यास त्यांची देवघेव पुष्कळदा हैदराबाद किंवा मुंबईच्या केंद्रावरून वळसा घेऊन होते. काचतंतूतून प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो; तेव्हा तीनशे किलोमीटरांवरील हैदराबादची जाऊन-येऊन फेरी तत्त्वतः तीनच मिलिसेकंदांची आहे. खरा विलंब वळशांनी व मधल्या यंत्रांनी वाढतो. शिवाय घरगुती जोडणीत कित्येक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिलेला असतो. अशा जोडणीवर बाहेरचा खेळाडू सर्व्हरपर्यंत सरळ पोहोचूच शकत नाही. त्यासाठी स्थिर आयपी पत्ता मागावा लागतो, आणि जोडणीचा उतरता वेग न पाहता चढता वेग पाहावा लागतो.

विजेचाही हिशेब मांडावा. १५० वॉट घेणारे यंत्र अहोरात्र चालल्यास वर्षाला १,३१४ युनिटे जाळते. दर १० रुपये धरल्यास १३,१४० रुपये होतात. त्यात आपल्याकडील उन्हाळ्यातील गारव्याचा आणि यूपीएसचा खर्च निराळा. उलट डेटा सेंटरातील भाड्यात वीज, गारवा व जोडणी बहुधा अंतर्भूत असते. अ‍ॅमेझॉनने २०१६ साली मुंबईत आणि २०२२ साली हैदराबादेत आपली केंद्रे उघडली. इतरही कंपन्या यंत्रे भाड्याने देतात. सबब गावातल्या गावात, एकाच जाळ्यावर सामने भरवावयाचे असतील तर यंत्र दुकानात ठेवावे. यवतमाळ, नांदेड, हैदराबादचे खेळाडू एकत्र आणावयाचे असतील तर ते डेटा सेंटरात असावे.

आणखी एक सावधगिरी. २०२५ साली संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा संमत करून पैसे लावून खेळावयाच्या खेळांस मनाई केली आहे. आपले यंत्र भाड्याने घेणारा त्यावर काय चालवितो, हे मालकाने जाणून घेतलेच पाहिजे.

आमची सूचना इतकीच की, भांडवल एकदम गुंतवू नये. प्रथम एक महिना यंत्र भाड्याने घ्यावे. संध्याकाळच्या गर्दीत प्रत्येक ताळेबंदास किती मिलिसेकंद लागतात, मेमरी किती भरते, चढता वेग किती खर्ची पडतो, याची रोज नोंद ठेवावी. महिनाअखेर ती वही घरातील तरुणाने वडिलांपुढे ठेवावी. यंत्र कोणते घ्यावे, आणि मुळात घ्यावे की नाही, हे त्या नोंदींवरून ठरवावे.