देणगीत विजेचे सामान देताना



पाड्यांवर आणि मुलांच्या वसतिगृहांत मी बरीच वर्षे विजेची कामे करीत आहे. आपल्या मंडळ्यांकडून येणाऱ्या खोक्यांत कपडे, वह्या, भांडी यांच्याबरोबर आता एक्स्टेन्शन बोर्ड, मल्टीप्लग, चार्जर आणि बल्बही असतात. २०१७ साली सुरू झालेल्या सौभाग्य योजनेनंतर अनेक घरांत वीज आली, म्हणून या वस्तूंची गरज खरीच आहे. पण त्यांतल्या पुष्कळ वस्तूंवर बनवणाऱ्याचे नावही नसते. हा माल बाहेरून, विशेषतः चीनमधून, स्वस्तात येतो. तो कसा ओळखावा, हा आजचा पाठ.

परदेशी माल वाईटच असतो, असे मी म्हणत नाही. आपले भारतीय मानक ब्युरो परदेशातील कारखान्यांनाही तपासणी करून परवाना देते. निनावी मालाला मात्र कोणीच जबाबदार नसतो, धोका तेथे आहे.

१. आत काय असते?

चांगल्या सॉकेटमध्ये पिन घट्ट धरणारी पितळी पट्टी असते. स्वस्त सॉकेटमध्ये पातळ पत्र्याला पितळी मुलामा दिलेला असतो. तो थोड्याच दिवसांत सैल पडतो. सैल जोडात केवळ ०.१ ओहम रोध असला आणि १० अँपिअर प्रवाह गेला, तर तेवढ्याशा जागेत १० वॅट उष्णता निर्माण होते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. मग प्लास्टिक वितळते, कधी पेटतेही.

वायरचेही तसेच. वरून तांब्याचा रंग, आत ॲल्युमिनियम किंवा लोखंड. कोणतीही पिन बसणारे सॉकेट सोयीचे वाटते, पण ते कोणतीच पिन नीट धरत नाही. काही बोर्डांत अर्थिंगचे भोक असते, पण आत वायर दोनच असतात.

२. साधा हिशेब

६ अँपिअरच्या सॉकेटवर २३० व्होल्टला १३८० वॅटपर्यंतच भार चालतो. पाणी तापवायचा १५०० वॅटचा रॉड साडेसहा अँपिअर घेतो, म्हणून त्याला १६ अँपिअरचेच सॉकेट हवे. एका वसतिगृहात थंडीच्या दिवसांत असा रॉड स्वस्त एक्स्टेन्शन बोर्डावर रोज पहाटे चालत असे. मी पाहिले तेव्हा सॉकेट तपकिरी पडले होते आणि पिन त्यातच चिकटली होती. त्या बोर्डापासून मुलींच्या अंथरुणांची वळकटी हातभर अंतरावर होती.

३. पाड्यावर धोका अधिक का?

कुडाच्या भिंती आणि गवताचे छप्पर ठिणगीने पेटते. सारवलेली जमीन पावसाळ्यात ओलसर असते आणि माणसे अनवाणी वावरतात, त्यामुळे शॉक जोराचा बसतो. अर्थिंग बहुधा नसते आणि दवाखाना लांब असतो. एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. भार वाढला किंवा शॉर्ट झाले की ती प्रवाह तोडते. माणसाला शॉक बसताना ती पडेलच असे नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते.

४. घेण्यापूर्वी पाहा

• प्लग व सॉकेटवर आयएसआय चिन्ह, त्यावर आयएस १२९३ हा क्रमांक आणि खाली सीएम/एल पुढे परवाना क्रमांक असावा. स्विचसाठी आयएस ३८५४, पीव्हीसी वायरसाठी आयएस ६९४.
• एलईडी बल्ब आणि मोबाइल चार्जरवर आर अक्षरापुढे नोंदणी क्रमांक असतो.
• चिन्ह नुसते छापताही येते. म्हणून बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर क्रमांक घालून पाहा. कंपनीचे नाव जुळले नाही तर वस्तू घेऊ नका.
• पिनला लोहचुंबक लावा. पितळ किंवा तांबे चिकटत नाही. वायरचे टोक खरवडून आत पांढरी धातू दिसते का, तेही पाहा.
• पिन घातल्यावर डुगडुगता कामा नये. लहान मुले असतील तेथे भोकांना आतून पडदा असलेलेच सॉकेट घ्या.

अनुवादाच्या २२व्या अध्यायात नव्या घराच्या गच्चीला कठडा करण्याचा नियम आहे. पडणारा कोण असेल हे ठाऊक नसतानाही त्याची काळजी घर बांधणाऱ्यानेच घ्यायची असते. आपण दिलेला बोर्ड कोणाच्या हाती जाईल, हे आपल्यालाही ठाऊक नसते.

म्हणून माझी विनंती अशी: पाच निनावी बोर्डांऐवजी परवान्याचा एकच द्या. किंवा काही कुटुंबांनी मिळून एका वसतिगृहाला आरसीसीबी द्यावी आणि ती परवानाधारक वायरमनकडूनच अर्थिंग तपासून बसवावी. घरातला संशयास्पद बोर्ड गरजूला देऊ नका. त्याची वायर कापूनच भंगारात टाका, म्हणजे तो पुन्हा बाजारात येणार नाही.