बकलं वर काढ

उद्यमनगर, कोल्हापूर

चि. सुजित,

नव्या गाडीचे पेढे पोचले. पुण्याहून अडीच तासांत घर गाठलंस म्हणून आक्का फोनवर कौतुक करत होती. मला काही पेढा गोड लागला नाही. सगळा रस्ता मोकळा मिळाला, तरी ताशी १०० आणि १२० यांत फरक पडतो वीस-बावीस मिनिटांचा. तेवढा वेळ तर तू कराडला चहालाच घालवतोस.

गेल्या खेपेला बॉनेटवर टिचकी मारून म्हणालास, "मामा, पत्रा लई पातळ." अरे, तो चुरगळायलाच केलाय. उद्यमनगरात वाढलेल्या पोराला बीड आणि पत्र्यातला फरक मी काय सांगू? बीड तडकतं. पत्रा दुमडतो आणि दुमडता दुमडता धक्का पितो. पुढचा भाग चुरगळायला जो काही निमिषभर लागतो, तेवढाच वेळ आतल्या माणसाला थांबायला मिळतो. तोही पट्टा बांधलेला असेल तरच. न बांधलेला माणूस गाडी थांबली तरी त्याच वेगानं पुढं जातो.

पन्नासच्या वेगानं भिंतीवर आदळणं म्हणजे दहा मीटरवरून खाली पडणं. शंभरला तीच उंची ३९ मीटर होते, म्हणजे तेरावा मजला. वेग दुप्पट, उंची चौपट.

उद्योगपती सायरस मिस्त्रींचा अपघात आठव. ४ सप्टेंबर २०२२, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीचा पूल. गाडी मर्सिडीज, पत्र्याला नावं ठेवायची सोय नाही. पुढचे दोघं जबर जखमी झाले, पण वाचले. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते. ते दोघंही गेले. गाडी एकच, कठडाही एकच.

आता सांग, तुझ्या गाडीत मागं कोण बसतं? आक्काच ना? "आवळल्यागत होतंय" म्हणून ती पट्टा झिडकारते आणि तू तिचं ऐकतोस. वर त्या नव्या सीटकव्हराखाली मागची बकलं पार गाडून टाकलीस, तेही मी बघितलंय. दुकानदारानं तसंच बसवून दिलं असेल, पण गाडी तुझी आहे.

रविवारी गाडी गॅरेजला आण. कव्हर उसवून बकलं वर काढू. आक्कालाही घेऊन ये. पट्टा पोटावर नाही, खाली कमरेच्या हाडावर घ्यायचा असतो, ते तिला सीटवर बसवूनच दाखवतो. माझ्यावर चिडेल, चिडू दे.

तुझा,
मामा