राऊटर एक, स्विच अनेक : मामाचे कानमंत्र

चिंगे, तीन मजली घरात वायरीने नेट फिरवायला निघालीस, झकास. वायफाय भिंतींपुढे दमतं, वायर दमत नाही. फक्त माझे घोटाळे तू पुन्हा करू नकोस; नवे कर.

१. राऊटरजवळ आठ पोर्टांचा एक स्विच ठेव आणि तिथून प्रत्येक मजल्याला स्वतंत्र वायर सोड — स्विचला स्विच, त्याला स्विच अशी आगगाडी जोडलीस तर मधला डबा रुसला की मागचे सगळे फलाटावर.

२. एका स्विचमधून निघालेली वायर फिरून त्याच स्विचमध्ये येऊ देऊ नकोस, आणि दोन स्विचमध्ये दोन वायरीही नकोत — साध्या स्विचला ही चक्कर ओळखता येत नाही, एकच निरोप गरागरा फिरवत बसतो आणि घरभर नेट ठप्प. दिवाळीच्या साफसफाईत टेबलामागे एक सुटं टोक दिसलं, बिचारं निसटलं असेल म्हणून मी ते मोकळ्या पोर्टात खोचलं. दुसरं टोक आधीच त्याच स्विचमध्ये होतं! सगळे दिवे एकदम लखलखायला लागले, मला वाटलं नेट काय धावतंय. दोन तास कंपनीच्या पोराला फोनवर झापलं, मग तुझ्या मामीने हळूच विचारलं, "मघाशी ती वायर कशाला खोचलीत?"

३. असं झालंच तर एकेक वायर उपसत जा — जी काढल्यावर दिवे शांत होतील, तीच चोर.

४. जुना राऊटर स्विच म्हणून वापरणार असशील तर त्याचं डीएचसीपी बंद कर, मुख्य राऊटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ दे, आणि वायर वॅनच्या नव्हे, लॅनच्या पोर्टात लाव — पत्ते वाटणारा घरात एकच हवा. दोन यजमान, पाहुणा उपाशी.

५. वायर शुद्ध तांब्याची घे, तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची नको — आतली तार ठिसूळ असते, आणि त्याच वायरीतून कॅमेऱ्याला वीज दिलीस तर जास्त तापते.

६. प्लग दाबताना दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच ठेव : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी — गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० एमबीपीएसला चार पुरतात, त्यामुळे एखादी नीट बसली नाही तरी नेट चालतं आणि चूक लपते. आमची माडी वर्षभर १०० वर रांगत होती, मी मात्र प्लॅन वाढवत होतो.

७. जुना १०० एमबीपीएसचा स्विच मध्ये घुसवू नकोस — टाकी कितीही मोठी असो, पाणी नळीएवढंच.

८. विजेच्या वायरीच्या पाइपातून नेटची वायर नेऊ नकोस, ओलांडायचीच तर काटकोनात — आधी जिवाला धोका, मग सिग्नलला.

९. अंगणापलीकडच्या खोलीपर्यंत उघड्यावरून न्यायचं असेल तर फायबर टाक — वळवाच्या पावसात वीज जवळपास पडली तरी तांब्याच्या तारेत दाब चढतो; काचेतून वीज वाहत नाही.

१०. राऊटर, फायबरचा डबा आणि मधले सगळे स्विच इन्व्हर्टरवर घे — एक जरी राहिला तरी त्याच्यामागचा मजला लाइट गेली की गप्प.

११. प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना चिठ्ठी लाव, कुठून कुठे ते लिहून — माझ्याकडे एका वायरीवर नुसतं "ही काढू नये" असं लिहिलंय. का, ते आठवत नाही. म्हणून अजून काढलेली नाही.