पाठीचा कणा

(वाढीच्या वयात काही मुलामुलींचा पाठीचा कणा एका बाजूला वळू लागतो. हा विकार कसा ओळखावा, तो कशामुळे होतो आणि त्यावर कोणते उपचार आहेत, याची माहिती या पाठात दिली आहे.)

उर्दूत आपण ज्याला रीढ़ की हड्डी म्हणतो, त्याला मराठीत पाठीचा कणा म्हणतात. नावावरून ते एकच हाड वाटते. पण कणा म्हणजे एकावर एक रचलेल्या लहान हाडांची माळ असते. या हाडांना मणके म्हणतात. मानेत ७, पाठीत १२ आणि कमरेत ५ मणके असतात. त्यांच्या खाली साधारणपणे आणखी ९ मणके असतात. वय वाढते तसे ते एकमेकांना जुळून जातात. हा कणा आपले डोके आणि धड तोलून धरतो. मेंदूपासून निघालेला नाजूक मज्जारज्जू त्याच्या आतून सुरक्षित खाली जातो.

बाजूने पाहिले तर कणा थोडा नागमोडी दिसतो. ते नैसर्गिकच आहे. मागून पाहिले तर मात्र तो सरळ दिसला पाहिजे. काही मुलामुलींचा कणा डावीकडे किंवा उजवीकडे वळतो आणि त्याच वेळी थोडा पिळलाही जातो. या विकाराला स्कोलिओसिस म्हणतात. दर शंभर मुलांमध्ये दोन-तीन जणांना तो असतो. म्हणजे पाचशे मुलांच्या शाळेत अशी दहा-पंधरा मुले असू शकतात. त्यांपैकी बहुतेकांचा वाक अगदी थोडा असतो.

हा विकार बहुधा १० ते १५ वर्षांच्या वयात, उंची झपाट्याने वाढत असताना दिसू लागतो. मुलींमध्ये हा वाक वाढत जाण्याची शक्यता मुलांपेक्षा जास्त असते. सुरुवातीला बहुधा पाठ दुखत नाही, त्यामुळे कोणाचे लक्ष जात नाही. तरीही काही खुणा दिसतात. एक खांदा दुसऱ्यापेक्षा उंच असतो. खांद्यामागचे एक हाड जास्त वर आलेले असते. कमरेच्या दोन बाजू सारख्या नसतात. कधी कधी घरी कपडे शिवणाऱ्या आईच्याच हे प्रथम लक्षात येते. कमीज दोन्ही बाजूंनी सारखी कापलेली असते. पण मुलीने घातली की तिचे एक टोक खाली येते. आईला वाटते, माप चुकले. खरे तर माप बरोबर असते.

हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे. विल्यम अ‍ॅडम्स या इंग्रज शल्यचिकित्सकाने ती १८६५ साली सांगितली. पाय जुळवून, गुडघे न वाकवता उभे राहावे. दोन्ही तळहात एकमेकांना लावून कमरेतून पुढे वाकावे. आईने किंवा बहिणीने मागून पाठीकडे पाहावे. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसली, तर डॉक्टरांना दाखवावे. या तपासणीला एक मिनिटही लागत नाही.

मग हे होते तरी कशामुळे? घरात लगेच बोलणे सुरू होते. कोणी म्हणते, "वाकडी बसत होतीस, म्हणून झाले." कोणी म्हणते, "जड दप्तरामुळे झाले." आई स्वतःलाच दोष देते. पण यांपैकी कोणाचाही दोष नसतो. अशा दहा मुलांपैकी सुमारे आठ जणांच्या बाबतीत निश्चित कारण सापडत नाही. काही घराण्यांत हा विकार एकापेक्षा जास्त जणांना होतो, म्हणजे आनुवंशिकतेचा त्यात भाग आहे. काही बाळांचे मणके जन्मापासूनच नीट घडलेले नसतात. काहींना पोलिओ किंवा मेंदूच्या विकारामुळे स्नायूंचा दुबळेपणा आलेला असतो आणि त्यामुळे कणा वाकतो. मणक्यांना क्षयरोग झाला तर पाठीला कुबड येऊ शकते. पण तो वेगळा आजार आहे आणि त्याचे औषध वेगळे आहे.

मग दप्तर कितीही जड असले तरी चालेल का? नाही. जड दप्तराने कणा कायमचा वळत नाही, पण पाठ आणि खांदे दुखतात. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने आदेश काढला, की दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नसावे. तरीही ओझे कमी होईना. तेव्हा २०१६ साली आपल्या विदर्भातील चंद्रपूरच्या दोन शाळकरी मुलांनी स्वतः पत्रकार परिषद घेऊन आपले गाऱ्हाणे मांडले.

डॉक्टर क्ष-किरण चित्र काढतात आणि त्यावर रेषा आखून वाकाचा कोन मोजतात. अमेरिकेतील डॉक्टर जॉन कॉब यांनी ही पद्धत १९४८ साली मांडली. भूमितीच्या तासाला शिकलेला कोन इथे असा उपयोगी पडतो! कोन १० अंशांहून कमी असेल तर त्याला स्कोलिओसिस म्हणत नाहीत. १० ते २५ अंशांपर्यंत बहुधा दर चार-सहा महिन्यांनी तपासणी पुरेशी असते. २५ ते ४० अंशांचा वाक असेल आणि उंची वाढायची असेल, तर ब्रेस देतात. ब्रेस म्हणजे धडाभोवती घालायचे प्लॅस्टिकचे कडक कवच. ते कणा सरळ करत नाही, वाक वाढू नये म्हणून त्याला आवरून धरते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ब्रेस वापरणाऱ्या शंभरपैकी ७२ मुलांचा वाक शस्त्रक्रियेच्या पातळीपर्यंत गेला नाही. ब्रेस न वापरणाऱ्यांत हे प्रमाण ४८ होते. मात्र उंची वाढायची थांबल्यावर ब्रेसचा उपयोग होत नाही. म्हणून वेळेला महत्त्व आहे. वाक ४५-५० अंशांपेक्षा जास्त झाला तर शस्त्रक्रियेचा विचार करतात. त्यात मणक्यांना स्क्रू व धातूच्या सळ्या बसवून कणा शक्य तितका सरळ करतात. व्यायामाने स्नायू बळकट होतात. मालिशने किंवा हाड बसवणाऱ्याकडे जाऊन मात्र वळलेला कणा सरळ होत नाही.

नागपुरात मेडिकल, मेयो आणि एम्स या सरकारी रुग्णालयांत अस्थिरोग विभाग आहेत. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेतल्या मुलांची आरोग्य तपासणी केली जाते. ती होताना आपली शंका न लाजता सांगावी. ब्रेस घालणे सोपे नसते. तो दिवसाचे सोळा-अठरा तास घालावा लागतो, आणि नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो! आत सुती बनियन घातले तर घामाचा त्रास थोडा कमी होतो. पण उकाड्यापेक्षा वर्गातले हसणे जास्त टोचते. त्या भीतीने एखादी मुलगी ब्रेस काढून ठेवते, आणि तिचा वाक वाढतो. म्हणजे तिच्या उपचारात डॉक्टरांइतकाच तिच्या मैत्रिणींचाही वाटा असतो.

जमैकाचा धावपटू उसेन बोल्ट यालाही स्कोलिओसिस आहे. पाठीचे व पोटाचे स्नायू बळकट करण्यासाठी त्याने नेमाने व्यायाम केला. २००९ साली बर्लिन येथे तो १०० मीटर अंतर ९.५८ सेकंदांत धावला. तेवढ्या वेगाने तोपर्यंत कोणीही धावले नव्हते. कणा थोडा वळलेला असला तरी माणूस शिकू शकतो, खेळू शकतो, संसार करू शकतो. फक्त त्याने तो लपवू नये आणि इतरांनी त्याला हसू नये.

शब्दार्थ
नागमोडी – सापासारखे वळणावळणाचे
मज्जारज्जू – कण्यातून जाणारी मज्जातंतूंची दोरी
शल्यचिकित्सक – शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर
आनुवंशिकता – आईवडिलांकडून मुलांकडे गुण येणे
कुबड – पाठीला आलेला उंचवटा
गाऱ्हाणे – तक्रार

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कमरेत किती मणके असतात?
(आ) ब्रेस म्हणजे काय?
(इ) चंद्रपूरच्या मुलांनी पत्रकार परिषद का घेतली?
२. कारणे द्या.
(अ) सुरुवातीला या विकाराकडे कोणाचे लक्ष जात नाही.
(आ) ब्रेस वेळेवर वापरणे महत्त्वाचे असते.
३. अर्थ समजून घ्या व वाक्यात उपयोग करा.
पाठ थोपटणे – शाबासकी देणे. पाठीशी उभे राहणे – आधार देणे. पाठ फिरवणे – मदत न करता निघून जाणे.
४. तुमच्या वर्गातील मुलगी ब्रेस घालून शाळेत आली, तर तुम्ही काय कराल? पाच-सहा वाक्ये लिहा.